आधी बसायला शिका: सातारा-सांगलीच्या रानात वन्यप्राण्यांचे फोटो काढू पाहणाऱ्यांसाठी

नवा कॅमेरा हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "चांदोलीत वाघ दिसेल का?" सह्याद्रीत वाघ आहे, पण अगदी थोडा, आणि तो राहतो ते रान दाट आहे. ताडोब्याच्या रस्त्यावर चालत येणारा वाघ डोळ्यांसमोर ठेवून इथं आलात तर संध्याकाळी नाराज होऊन परताल. पण फोटो काढायला शिकायचं असेल तर आपले हे दोन जिल्हे मला फार मोलाचे वाटतात. इथं गवा दिसतो तो झाडीच्या फटीतून, सांबर दिसतं ते सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेला अंधुक उजेडात, खोकड दिसतं ते माळाच्या पार पलीकडच्या टोकाला. घाई करून काहीच मिळत नाही. थांबायची सवय लागते, आणि थांबलं की प्राणी समजायला लागतो.

या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे. प्राण्याच्या किती जवळ जायचं हे प्राणी ठरवतो. त्याला ते ठरवायला पुरेसा वेळ देणं हे आपलं काम. लेन्स, सेटिंग, जीप हे सगळं त्याच्यानंतर येतं.

सुरुवात घराजवळच्या तारेवरून

सफारीचे पैसे भरायच्या आधी महिनाभर गावातच सराव करा. त्यासाठी वेड्या राघूसारखा दुसरा पक्षी नाही. विजेच्या तारेवर, कुंपणावर, बांधावरच्या वाळक्या फांदीवर हा छोटा हिरवा पक्षी बसलेला असतो. अचानक उडतो, हवेतल्या हवेत माशी किंवा चतुर पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो. पकडलेला किडा फांदीवर आपटतो आणि मग गिळतो. नवखा माणूस उडालेल्या पक्ष्यामागं कॅमेरा फिरवत राहतो, आणि कार्डात नुसतं आभाळ भरतं. तुम्ही लेन्स त्या मोकळ्या फांदीवरच ठेवा. फोकस तिथंच धरा. पक्षी परत येताना पंख पसरून ब्रेक लावतो, तो क्षण आपोआप चौकटीत येतो.

हे दोन-चार सकाळी केलंत तर पुढच्या सगळ्या जंगलांत उपयोगी पडणारी एक गोष्ट हाताला लागते. प्राणी सवयीनं जगतो. त्याची बसायची जागा, पाण्यावर यायची वाट, चरायची वेळ ठरलेली असते. ती सवय ओळखून आधी तिथं जाऊन बसणाऱ्याला फोटो मिळतो, मागं धावणाऱ्याला पाठ मिळते.

ऊसतोड झालेल्या रानात नांगरट सुरू असेल तर तिथंही जा. ट्रॅक्टरच्या मागं गायबगळ्यांची रांग लागलेली असते, कारण फाळ माती उलटतो तेव्हा किडे वर येतात. बगळे ट्रॅक्टरला घाबरत नाहीत, पण तुम्ही बांधावरून सरळ त्यांच्या दिशेनं चालत गेलात की उडतात. बांधावर बसून राहिलात तर ट्रॅक्टर वळताना तेच बगळे तुमच्या पुढ्यात येतील. उन्हाळ्याच्या तोंडाला पडीक रानात टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली, तर आसपास उघड्यावर तिची अंडी आहेत असं समजा आणि आल्या वाटेनं, पावलं जपून टाकत मागं फिरा. तिथं फोटो घ्यायचा नाही. एवढं शहाणपण आधी अंगी आलं तरच पुढं जंगलात जायला अर्थ आहे.

खिशात छोटी वही ठेवा. वेळ, वारा, ऊन, प्राणी काय करत होता, तुम्ही किती लांब होता, एवढंच लिहा. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण रानात पडदा उजळला की मान खाली जाते आणि समोरचं निसटतं, म्हणून मला वहीच बरी वाटते.

सामानाबद्दल थोडक्यात

दुर्बीण आधी घ्या, मोठी लेन्स नंतर. ८×४२ ची (आठपट जवळ दाखवणारी) साधी दुर्बीण गळ्यात असली की तुम्ही आधी बघता आणि मग फोटो काढता. कॅमेऱ्याला सुरुवातीला ७०-३०० किंवा १००-४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. ६०० पर्यंत जाणाऱ्या लेन्स चांगल्या असतात, पण जड असतात, आणि जड लेन्स घेऊन माणूस स्वस्थ बसत नाही, सारखा हात बदलतो.

जीपमध्ये तिवई निरुपयोगी. कापडाची किंवा कॅनव्हासची पिशवी शिवून घ्या, तिथं पोचल्यावर ज्वारी किंवा तांदूळ भरा आणि गाडीच्या कठड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. येताना धान्य घरी न्या. जंगलात सांडू नका.

सेटिंगमध्ये तीनच गोष्टी आधी पक्क्या करा. शटर: उभ्या प्राण्याला १/५०० सेकंदाच्या आसपास, पळणाऱ्याला १/१००० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) ऑटोवर ठेवा आणि कोयना-चांदोलीच्या सावलीत तो ३२००, ६४०० पर्यंत चढला तर घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. तिसरी गोष्ट आवाज. कॅमेऱ्यात बिनआवाजाचं शटर असेल तर तेच वापरा, फोकस लागल्यावर वाजणारी टिकटिक बंद करा. फ्लॅश पिशवीतही नको.

गव्याचा फोटो काढताना एक खास काळजी. काळ्या अंगानं चौकट भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो नको तितका उजळ करतो. गवा राखाडी दिसतो, पाठीमागची पानं पांढरी पडतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) पाऊण ते एक पायरी खाली आणा. पांढऱ्या बगळ्यानं चौकट भरली असेल तर याच्या उलट करायचं. तोच बगळा काळ्याशार पाण्यासमोर छोटा दिसत असेल तर मात्र खालीच आणा, नाहीतर पिसांचा तपशील जाईल.

सागरेश्वर: चितळाचं अंग वाचायला शिका

पहिल्या जंगलासाठी माझी निवड सागरेश्वर. सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या हद्दीवर, ताकारी स्टेशनापासून जवळ, जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून ते उभं केलं. धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं, आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. चितळ, सांबर, काळवीट इथं कुंपणाच्या आत आहेत आणि माणसाला थोडीफार सरावलेली आहेत. दुर्मिळ प्राण्याच्या मागं लागलेल्यांना इथं मजा येणार नाही. शिकणाऱ्याला मात्र हवं ते सगळं आहे: कळप दिसतो, बराच वेळ दिसतो, आणि आपल्या प्रत्येक हालचालीचा त्याच्यावर काय परिणाम होतो ते लगेच कळतं. कुठल्या पायवाटेवर जायला परवानगी आहे ते दारावर विचारून घ्या आणि ती सोडू नका.

उजाडताच पोचा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत उजेड मऊ असतो. कळप दिसला की कॅमेरा उचलू नका. दुर्बीण लावून निदान दहा-पंधरा मिनिटं फक्त बघा. सुरुवातीला ही दहा मिनिटं फार लांबतात, हात शिवशिवतात. तरीही बघा.

निवांत चितळ कसं दिसतं ते आधी मनात बसवा. मान खाली, ओठ गवतात. कान माश्या हाकलायला एकेक करून हलतात, दोन्ही एका दिशेला ताठ नसतात. शेपटी सैल. कुणी बसून रवंथ करतंय, कुणी पाठ फिरवून उभं आहे. पाडस आईला लुचतंय. प्राण्यानं तुमच्याकडं पाठ फिरवली याचा नवख्याला राग येतो, "इकडं बघ ना" असं मनात येतं. खरं तर पाठ फिरवणं हा त्यानं तुमच्यावर दाखवलेला भरवसा असतो.

आता अस्वस्थता कशी चढत जाते ते बघा, कारण ती एकदम येत नाही, पायरीपायरीनं येते. पहिल्यांदा चरणं थांबतं, तोंडातला घास तसाच राहतो. मग मान वर आणि दोन्ही कान तुमच्या दिशेला. मग एक पुढचा पाय उचलला जातो आणि जमिनीवर आपटला जातो. शेपटी वर उभी राहते, खालचा पांढरा भाग दिसतो. मग तो तीक्ष्ण "कुक्" आवाज, आणि त्यानंतर सगळा कळप पळतो. बहुतेक लोकांच्या लक्षात फक्त शेवटची पायरी येते, आणि ते म्हणतात, "अचानक पळाली."

तुम्ही पहिल्या पायरीवर थांबायचं. घास तोंडात थांबला की तुमचं पाऊलही थांबलं पाहिजे. मान वर गेली तर जागच्या जागी हळूच खाली बसा, कॅमेरा मांडीवर ठेवा, नजर दुसरीकडं न्या. टक लावून बघणारा प्राणी हा त्यांच्या जगात शिकारी असतो, आणि मोठ्या लेन्सची काच म्हणजे एक भला मोठा, न मिटणारा डोळा. मिनिटभरात, कधी पाचेक मिनिटांत, एखादी मादी पुन्हा मान खाली घालते. तिच्यामागून बाकीची घालतात. कळपात ही पहिली मान घालणारी बहुतेक वेळा वयस्क मादी असते. तिच्यावर लक्ष ठेवा. ती चरायला लागली की तुम्हालाही पुढची परवानगी मिळाली.

पुढं जायचं तर सरळ नाही. तिरकं चाला, जणू कळपाच्या बाजूनं दुसरीकडंच निघाला आहात. चार-पाच पावलं, मग थांबा, बसा. झाडामागं लपत लपत जाऊन एकदम समोर प्रकट होणं सगळ्यात वाईट. तुम्ही दिसत असणं त्यांना चालतं, अचानक दिसणं चालत नाही. आणि एक वेळ अशी येते की तुम्ही बसून राहता आणि कळपच चरत चरत तुमच्याकडं सरकतो. तेव्हा जो फोटो मिळतो त्यात प्राण्याच्या चेहऱ्यावर ताण नसतो. पाठलाग करून काढलेल्या फोटोत तो नक्की असतो, लेन्स कितीही महाग असली तरी.

ओळख हवी असेल तर कळपातलं एक जनावर निवडा. चितळाच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते. कुणाचा कान फाटलेला असतो, कुणाच्या शिंगाला वाकडी शाखा असते. ठिपक्यांवरून ओळखणंच पक्कं, कारण चितळ आणि सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, आणि नवी शिंगं काही काळ मखमली कातड्यात असतात. काळवीटाची शिंगं मात्र गळत नाहीत. तेच जनावर दोन-तीन ऋतूंत पुन्हा भेटलं, तुम्ही त्याला ओळखलंत, की फोटो काढायची तुमची तऱ्हाच बदलते. मग तुम्हाला "एक चितळ" नको असतं, ते विशिष्ट चितळ काय करतंय ते हवं असतं.

ओळख वाढवणं म्हणजे खाऊ घालणं नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. बिस्किटं, पाव, केळी दिली की प्राणी जवळ येतो, फोटोही मिळतो. पण त्या प्राण्याची माणसाबद्दलची सावधगिरी जाते, आणि कुंपणाजवळच्या हरणाला, घाटातल्या माकडाला ते फार महागात पडतं. शीळ घालणं, दगड मारून मान वर करायला लावणं, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं, यांतलं काहीही करू नका. आवाज ऐकून आलेला पक्षी आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून भांडायला आलेला असतो.

वारा आणि उतार

डोंगरात बसण्याची जागा निवडताना वारा बघायलाच हवा, कारण सांबर आणि गवा यांचं नाक फार तिखट असतं. चिमूटभर बारीक कोरडी माती हातातून सोडा, ती कुठं जाते ते बघा. पहाटे गार हवा उताराच्या खाली वाहते. म्हणजे तुम्ही वर बसलात तर खालच्या पाणवठ्यावर येणाऱ्या जनावराला तुमचा वास आधी पोचतो. ऊन चढलं की तीच हवा उतारावरून वर सरकू लागते, आणि मग वरच्या बाजूच्या जनावराला तुम्ही कळता. आडव्या वाऱ्यात बाजूला बसणं सगळ्यात सोयीचं. अत्तर, वासाचा साबण, डास पळवायचं उग्र वासाचं मलम घरी ठेवा. तंबाखू-गुटखाही.

चांदोली-कोयनेत जीपमधून

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सांगलीच्या बाजूनं जायचं तर शिराळा तालुक्यातल्या मणदूरकडून झोळंबीच्या सड्याकडं जाता येतं. साताऱ्याकडून कोयनानगर, हेळवाकचा भाग आहे, बामणोलीहून शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) पाण्यावरून वासोटा किल्ल्याकडंही जाता येतं. परवानगी वनखात्याची लागते आणि पावसाळ्यात जंगल बंद असतं. वेळा आणि फी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी विचारा.

इथलं रान सदाहरित आणि निमसदाहरित आहे, रस्त्यापासून थोड्याच अंतरावर नजर अडते. म्हणून गाडी जितकी फिरवाल तितकं कमी दिसतं. सड्याच्या कडा, पाणवठे, वाटेच्या वळणावरची मोकळी गवताळ जागा, अशा ठिकाणी थांबून राहणं शहाणपणाचं. गाईड आणि चालक आसपासच्या गावांतलेच असतात. त्यांच्यावर पर्यटकांचा दबाव असतो की काहीतरी मोठं दाखवा. तो दबाव तुम्ही सुरुवातीलाच काढून घ्या. गाडीत बसतानाच सांगा, "दादा, वाघ-बिबट्या नाही दिसला तरी चालंल. मला एखाद्या चांगल्या जागी गाडी बंद करून बसायचंय." बहुतेकांचा चेहरा खुलतो. मग ते स्वतःहून सांगतात, कुठल्या झाडाला फळं आलीत आणि शेकरू कुठं येतंय, गव्यांचा कळप काल कुठं होता.

गाडी थांबली की इंजिन बंद. चालू इंजिनाच्या थरथरीनं फोटो हलतो आणि प्राणी ताणलेला राहतो. गाडीत उभं राहू नका, हात बाहेर काढून बोट दाखवू नका. कुठं आहे ते शब्दांत सांगा: "मामा, त्या वाकड्या झाडाच्या डावीकडं, खाली." चालकाला वाटेवरून गाडी खाली उतरवायला कधीही सांगू नका. तो नाही म्हणू शकत नाही, आणि पकडला गेला तर रोजगार त्याचा जातो.

बसलात की कान लावा. सांबर एकदम "ढाँक" असं ओरडतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, वानर झाडावरून खाकरतं. एकच आवाज आला तर फार मनावर घेऊ नका. दोन वेगळ्या जातींचे प्राणी एकाच दिशेला बघून ओरडत असतील तर तिथं बिबट्या किंवा रानकुत्री असू शकतात. अशा वेळी तिकडं गाडी दामटायची इच्छा होते. जागेवरच थांबलेलं बरं. ओरडणारं सांबर कुठल्या बाजूला तोंड करून उभं आहे, ते मान हळूहळू कुठं वळवतंय, ते बघा. शिकारी चालतोय त्या दिशेला ती मान वळत जाते. तो कुठं बाहेर येईल याचा अंदाज त्यावरून येतो.

गवा हा इथला खरा मानकरी आहे. मोठा नर टनाच्या घरात भरतो, खांद्याशी माणसाएवढा उंच असतो, आणि तरी झाडीत उभा असला की दहा मिनिटं दिसत नाही. आधी गुडघ्याखालचे पांढरे पाय दिसतात. निवांत गवा चरतो, कानांनी माश्या हाकलतो. अस्वस्थ झाला की डोकं वर करून नाक पुढं काढतो, फुरफुरतो. नर तुमच्याकडं आडवा वळून, पाठीची कमान दाखवत उभा राहिला तर फोटोसाठी छान उभा आहे असा समज करून घेऊ नका. तो आपला आकार दाखवतोय, बजावतोय. एक-दोन फोटो घ्या आणि चालकाला हळूच मागं घ्यायला सांगा. पिल्लू असलेली मादी दिसली तर अंतर दुप्पट. महाबळेश्वर किंवा पाटणच्या बाजूला पायी जाताना गवा आडवा आला तर कॅमेरा विसरा, पाठ न दाखवता सावकाश मागं सरका, मध्ये जाडजूड झाड राहील असं बघा.

गव्याच्या बाबतीत एक गोष्ट मनातून जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा वस्तीत शिरला. मागं गर्दी, हातात मोबाइल, आरडाओरडा. तासन्‌तास पळून दमलेला तो प्राणी पकडल्यानंतर मेला. सांगलीच्या मार्केट यार्डातही २०२१ मध्ये गवा शिरला होता. अशी बातमी कानावर आली आणि तुमच्याकडं मोठी लेन्स असली तरी तिकडं जाऊ नका. गर्दीतला एक माणूस कमी होणं ही त्या वेळी प्राण्याला करता येण्यासारखी मोठी मदत आहे. भेदरलेल्या जनावराच्या शरीरावर धावपळीचा इतका ताण येतो की ते वाचलं असं वाटून नंतर मरू शकतं.

कृष्णाकाठच्या मगरी

थंडीत सकाळी ऊन वर आलं की भिलवडी, औदुंबर, सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेच्या काठावर मगरी उन्हाला पडलेल्या दिसतात. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर रागावलेली नसते, अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकत असते. समोरच्या काठावरून, उंचावरून किंवा पुलावरून फोटो घ्या. तिच्याच काठावर उतरू नका, पाण्याच्या कडेला बसू नका. या पट्ट्यात मगरींनी माणसं ओढल्याच्या घटना घडल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला माद्या काठावर अंडी घालतात आणि त्यांची राखण करतात, तेव्हा तर लांबच बरं. मगर घसरून पाण्यात गेली की ती किती वेळात वर येते, पुन्हा त्याच जागी येते का, ते वहीत लिहा. गावकऱ्यांनाही अशी माहिती विचारा. रोज मोटर चालू करायला नदीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला ती चांगली ठाऊक असते.

माण-खटावच्या माळावर

पूर्वेकडचा कोरडा माळ मला सगळ्यात जवळचा. लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल असे गवताळ रानाचे प्राणी-पक्षी इथं आहेत, आणि हिवाळ्यात मायणी, येरळवाडीच्या तलावांवर रोहित (फ्लेमिंगो) येतात. रोहित पक्ष्यांनी चोच पाण्याबाहेर काढली, माना उंच केल्या आणि सगळे एकाच दिशेनं चालू लागले, की तुम्ही फार पुढं आलात. मागं व्हा, बसा, ते पुन्हा चरायला लागेपर्यंत थांबा.

माळावर आडोसा नसतो. म्हणून पोटावर आडवं व्हावं लागतं, आणि त्यातच फोटोचा फायदा आहे. लेन्स प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीला आली की समोरचं गवत आणि मागचं आभाळ धूसर होतं आणि खोकड आपल्या जगात उभं दिसतं. उन्हाळ्यात नऊ-दहानंतर जमिनीवरून गरम हवा थरथरत वर येते आणि लांबचा फोटो कितीही फोकस केला तरी मऊ येतो. त्यात लेन्सचा दोष नाही. घरी जा, संध्याकाळी या.

इथली खरी माहिती धनगरांकडं असते. मेंढरं घेऊन रोज माळ तुडवणाऱ्या माणसाला लांडगा कुठून येतो, कुठं जातो हे माहीत असतं, आणि त्याचं नुकसानही त्यालाच सोसावं लागतं. म्हणून आल्या आल्या लांडग्याबद्दल विचारू नका. आधी मेंढरांची, पाण्याची, चाऱ्याची चौकशी करा, चहा घ्या. कळपाच्या मधून गाडी घालू नका, राखणीच्या कुत्र्यांना लांबून ओलांडा. "आबा, तुमच्या मेंढरांना त्रास होणार नाही असं कुठं बसू?" असं विचारलंत तर ते स्वतः जागा दाखवतील.

लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात, खोकडाची उन्हाळ्याच्या तोंडाला जन्मतात. बिळाजवळ पिल्लं खेळतानाचे फोटो सगळ्यांना आवडतात, आणि त्यामुळेच बीळ सापडल्यावर गाड्यांची रांग लागते. आई मग पिल्लं उचलून दुसरीकडं नेते, भर उन्हात, उघड्यावरून. नवख्या माणसानं बिळाच्या वाटेला जाऊ नये हे माझं ठाम मत आहे. संध्याकाळी आई शिकारीला निघते त्या वाटेवर, बिळापासून खूप लांब, एकट्यानं बसा. मिळालं तर ठीक.

नियम

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्याखाली संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय शिरणं, प्राण्याला छेडणं गुन्हा ठरतो. अशा क्षेत्रात परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. घरट्यावरची फांदी छाटून "स्वच्छ" फोटो काढणारे लोक भेटतील. त्यांच्याबरोबर जाऊ नका, मग त्यांचा अनुभव कितीही मोठा असो. सावलीसाठी राखलेली ती फांदी गेली की पिल्लं उन्हानं मरतात, आणि शिकारी पक्ष्याला घरटं उघडं दिसतं.

घरी आल्यावर

फोटो लगेच टाकायची घाई नको. आधी फाइलमधून जागेची नोंद काढून टाका. मोबाइलच्या सेटिंगमध्ये स्थान बंद करून ठेवणं जास्त सोपं. लांडगा, बिबट्या, बीळ, घरटं यांच्या फोटोखाली गाव लिहू नका, नुसतं "सातारा जिल्हा" पुरे. कुणी खासगीत विचारलं तरी सांगू नका, अगदी मित्रालाही. कुंपणातल्या प्राण्याचा फोटो असेल तर तसं लिहा.

मग निवड. नवखा माणूस सगळ्यात जवळचा, सगळ्यात मोठा दिसणारा फोटो निवडतो. तुम्ही आधी प्राणी स्वतःच्या कामात आहे असे फोटो वेगळे काढा: चरताना, पाडसाला चाटताना, अंग घासताना, झोपताना, दुसऱ्याकडं बघताना. लांबचे असले, प्राणी चौकटीत छोटा असला तरी ठेवा. झोळंबीच्या सड्यावर धुक्यात चिमुकला दिसणारा गव्याचा कळप हा नुसत्या गव्याच्या डोक्यापेक्षा सह्याद्रीबद्दल जास्त सांगतो. चौकटीत जागा असू द्या. त्याचं घरही दिसलं पाहिजे.

शेवटचं काम वहीत. त्या दिवशीचे सगळे फोटो क्रमानं लावा आणि प्रत्येकात प्राण्याचे कान कुठं आहेत ते बघा. दोन्ही कान तुमच्याकडं ताठ झालेला पहिला फोटो शोधा, त्या वेळी तुम्ही किती लांब होता, उभे होता की बसलेले, वारा कुठून होता, ते वहीतल्या नोंदीशी ताडून लिहा. पुढच्या वेळी त्याच जागी, त्याच वेळेला जा, आणि त्या अंतराच्या दहा-पंधरा पावलं अलीकडंच बसा.